सामान्यरावांचे वीसपैकी शून्य

विद्यापीठात ज्ञान मिळवल्याबद्दल पगार घेणारी माणसं शेकड्यांनी होती. ज्ञान नसल्याबद्दल रीतसर नेमणूक झालेला माणूस मात्र एकच होता. त्याच्या नेमणूकपत्रावर 'सामान्य श्रोता (अर्धवेळ)' असं पद छापलेलं होतं. खरं नाव आस्थापना विभागाच्या फायलीत कुठेतरी असेल. बाकी सगळे त्यांना सामान्यराव म्हणत. पुढेपुढे तेही फोन उचलून "सामान्यराव बोलतोय" म्हणायला लागले, आणि पलीकडे मुलगी असली की जीभ चावायला लागले.

हे पद निघालं त्याला कारण घडलं होतं. विद्यापीठातल्या एका विद्वानांनी वीस वर्षं डासांवर काम केलं आणि एक दिवस गावातल्या लोकांपुढे त्यावर तासभर भाषण दिलं. भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "सगळं छान झालं हो. पण तुम्ही डासांच्या बाजूचे की आमच्या?" दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी बैठक बोलावली, आणि महिन्याभरात 'संशोधन लोकांपर्यंत' नावाचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला.

वर्ग तळमजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत भरे. तीन आठवड्यांची एक तुकडी, तुकडीत दहा-बारा संशोधक. शिकवायला बाई होत्या. बाईंनी तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेल्या; त्यामुळे महापूर आणि हवामान त्या एकाच आवाजात सांगू शकत. त्यांची शिकवण दोन शब्दजोड्यांत मावायची: "वाक्य छोटं, श्वास मोठा." फळ्यासमोर एक लाकडी खुर्ची होती. तिच्यात सामान्यराव बसत. हातात तीन कार्डं. हिरवं म्हणजे समजलं. पिवळं म्हणजे परत सांगा. लाल म्हणजे डोक्यावरून गेलं. संशोधकाने फळ्याकडे, छताकडे किंवा देवाकडे न बघता सामान्यरावांच्या डोळ्यांत बघून बोलायचं, असा बाईंचा दंडक होता. आणि शेवटच्या दिवशी सामान्यरावांचं हिरवं कार्ड वर गेल्याशिवाय कुणालाही प्रमाणपत्र मिळायचं नाही. जगभर नाव झालेल्या माणसांना सामान्यरावांनी पिवळं दाखवून घामाघूम केलं होतं.

अट एकच होती. श्रोता खरोखर सामान्य हवा. म्हणून दर वर्षी सामान्यरावांची चाचणी होई. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर वाटेल त्यावर खूण करायची. आठपेक्षा जास्त बरोबर आले की नेमणूक रद्द. पहिल्या वर्षी त्यांना सहा गुण पडले होते, तेही डोळे मिटून खुणा केल्यामुळे. बाईंनी पाठ थोपटली होती.

त्याआधी सत्तावीस वर्षं सामान्यराव त्याच इमारतीत लिफ्टमन होते. स्टुलावर बसायचं, दांडा फिरवायचा, मजला पुकारायचा. लिफ्टमनच्या कानावर जगातलं सगळं पडतं, पण मजल्यापुरतं. लोक तळमजल्यावर बोलत शिरत आणि तिसऱ्यावर बोलत बाहेर पडत. मधलं तेवढं याच्या वाट्याला. त्या सत्तावीस वर्षांत सामान्यरावांच्या डोक्यात हजारो वाक्यं गोळा झाली होती आणि त्यांतल्या एकालाही शेपूट नव्हतं.

ती वाक्यं ते संध्याकाळी घरी नेत. बायको स्वयंपाक करता करता विचारायची, "काय हो, आज काय मिळालं?" आणि हे सांगायचे. एकदा त्यांनी सांगितलं, "दोघं म्हणत होते, समुद्रात तो आठ पायांचा ऑक्टोपस असतो ना, त्याला तीन हृदयं असतात. आणि पोहायला लागला की त्यातलं एक..."

"एक काय?"

"तिसरा मजला आला."

बायकोने हातातली पळी तशीच धरली. "इश्श! असं कसं अर्ध्यावर आणलंत? दार जरा उशिरा उघडायचं की नाही?"

मग कित्येक दिवस ती मधूनच तर्क करायची. कपडे वाळत घालताना म्हणायची, "जोरात पडत असेल हो." झोपताना म्हणायची, "बाजूला सरकत असेल." शेवटी तिने ठरवूनच टाकलं: "थांबत असेल थोडं. तीन आहेत म्हटल्यावर एकाला दम खायला काय हरकत आहे?" सामान्यरावांनी महिनाभर त्या दोघांची वाट बघितली. ते दोघं पुन्हा लिफ्टमध्ये आले तेव्हा सुट्टीच्या अर्जाबद्दल बोलत होते.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. लिफ्टला बटणं बसली आणि बायको गेली. बटणांची सूचना तीन महिने आधी मिळाली होती.

सामान्य श्रोत्याची जागा बाईंनीच त्यांना देऊ केली. पहिल्या दिवशी एक संशोधक समोर उभा राहिला, त्यांच्या डोळ्यांत बघून त्याने एक वाक्य सुरू केलं आणि ते वाक्य चक्क संपलं. मग त्याने दुसरं सुरू केलं. तेही संपलं. सामान्यरावांना इतकं भरून आलं की कार्ड दाखवायचं राहून गेलं. आणि दुसऱ्या वर्षी, एका मंगळवारी, समुद्री जीवांवर काम करणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "ऑक्टोपस पोहायला लागला की त्याचं मोठं हृदय थांबतं. म्हणून तो लवकर दमतो, म्हणून पोहण्यापेक्षा तो तळाशी सरपटत राहणं पसंत करतो." सामान्यरावांनी हिरवं कार्ड दाखवलं. घरी गेले. कुलूप काढलं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "थांबतं. तुझंच बरोबर होतं."



अशी अकरा वर्षं झाली. चारशेच्या आसपास माणसं त्यांच्या डोळ्यांत बघून बोलून गेली. आठवड्यातले तीन दिवस कुणीतरी त्यांना मनापासून काहीतरी समजावत असे, आणि उरलेले चार दिवस ते त्याच्यावर काढत. घरी मुलीचा फोन यायचा, रविवारी अकराला, दूरच्या गावाहून. मुलगी गुणाची, पण तिचे प्रश्न ठरलेले. "बाबा, गोळी घेतली? दोन्ही? चालायला जाता ना? मग ठेवू?" दीड मिनिटात मजला यायचा. एकदा त्यांनी घाईघाईने आतड्यातल्या जंतूंचं सांगायला घेतलं, की बाई गं, आपल्या पोटात एवढाले जीव राहतात आणि आपला मूड त्यांच्या हातात असतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मोबाईलवर येतं ते सगळं खरं नसतं हं."

दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. पण सामान्यरावांना समजायला लागलं होतं.

आधी त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मग तुकडीतले लोक बोलत असताना त्यांची मान वाक्य संपायच्या आधीच हलायला लागली. एका प्राध्यापकाने तक्रार केली, आणि कार्यालयाकडून बाईंना पत्र आलं: 'सामान्य श्रोता विधान पूर्ण होण्यापूर्वीच मान हलवत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्याचे सामान्यत्व तपासून अहवाल द्यावा.' मागच्या वर्षी सामान्यरावांना काठावरचे आठ गुण होते, आणि तेही त्यांनी चार उत्तरं मुद्दाम चुकवल्यावर. यंदा चाचणी तुकडीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली होती.

चाचणीच्या दिवशी बाईंनी त्यांना खोलीत एकटं बसवलं, कागद दिला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

पहिला प्रश्न होता, झाडाचं पान श्वास कुठून घेतं? सामान्यरावांना पानाच्या मागची ती बारीक छिद्रं दिसली, आणि छिद्रांच्या आधी ती मुलगी दिसली. तीन वर्षांपूर्वी तिला दोनदा पिवळं दाखवल्यावर ती रडली होती आणि तिसऱ्यांदा तिने बाहेर जाऊन खरंच एक पान तोडून आणलं होतं. त्यांनी 'देठातून' या पर्यायावर खूण केली. दुसरा प्रश्न लोखंडाच्या गंजाचा. तो घोगऱ्या आवाजाचा उंच गृहस्थ आठवला, ज्याने बोलता बोलता स्वतःच्या सायकलची साखळी खिशातून काढली होती. खूण चुकीच्या जागी. तिसरा प्रश्न कानातल्या हाडांचा. चौथा वाळवीचा. प्रत्येक प्रश्नामागून एक चेहरा येई, ओळखीचं हसे, आणि सामान्यराव रस्त्यात भेटलेल्या माणसाला ओळख दाखवू नये तसे त्याच्यावरून नजर काढून भलत्याच पर्यायावर खूण करत. विसाव्या प्रश्नाला ऑक्टोपस होता. तिथे त्यांचा हात जरा वेळ थांबला. मग त्यांनी 'जोरात धडधडते' यावर खूण केली. बायकोचा पहिला तर्क तोच होता, तेवढंच समाधान.

खोटेपणाची सवय नसलेला माणूस खोटं करतो तेव्हा फार नीटनेटकं करतो. सामान्यरावांनी कागद दोनदा तपासून दिला.

शेवटच्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या विजयी मुद्रेने. त्यांनी कागद फळ्याशेजारच्या फलकावर टाचणीने लावला. वर लाल शाईत मोठ्ठं लिहिलेलं: वीसपैकी शून्य.

"कार्यालयाला शंका होती," बाई महापुराच्या आवाजात म्हणाल्या. "हे बघा. अकरा वर्षं तुम्हा लोकांच्या संगतीत राहून या माणसाच्या अंगाला काही लागलेलं नाही! असा श्रोता शोधून सापडणार नाही."

तुकडीने टाळ्या वाजवल्या. सामान्यरावांनी नम्रपणे मान झुकवली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी शेवटचा नंबर संख्याशास्त्रातल्या एका तरुण संशोधकाचा होता. सामान्यराव त्याला मनातल्या मनात बूटबघ्या म्हणत, कारण तो बोलताना फक्त स्वतःच्या बुटांशी बोले. वर्गाला बसायची ही त्याची तिसरी वेळ. दोनदा लाल कार्ड मिळालेलं. आता प्रमाणपत्र नाही मिळालं तर त्याला विद्यार्थ्यांसमोर शिकवायला उभं करणार नव्हते, कायमचं आकडेमोडीच्या खोलीत बसवणार होते. सामान्यरावांना त्याची कणव होती. तीन आठवडे ते त्याला जेवणाच्या सुट्टीत म्हणत, "अहो साहेब, एकदा वर तरी बघा. मी चावत नाही."

"बघतो," बूटबघ्या बुटांना म्हणे.

त्याने सुरुवात केली. "शक्यतांच्या वितरणात, जेव्हा स्वतंत्र घटनांची पुनरावृत्ती..." वर्गातल्या दोघांनी जांभया आवरल्या. सामान्यरावांचा हात लाल कार्डाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी तो मांडीखाली धरून ठेवला.

बाईंनी टेबलावर हात आपटला. "थांबा! अहो, तिसरी वेळ आहे तुमची! वितरण-बितरण बाजूला ठेवा. रोजचं एक उदाहरण द्या. आणि मान वर करा, जे पहिलं दिसेल ते घ्या, पण बुटांतून बाहेर या!"

बूटबघ्याने दचकून मान वर केली. त्याला पहिला दिसला तो फलकावरचा कागद. वीसपैकी शून्य. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे तीन आठवड्यांत कुणी पाहिलं नव्हतं. त्याला मजा वाटत होती.

"हे बघा," तो म्हणाला. "हे शून्य आहे ना, ते पडूच शकत नाही."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

तो पुढे आला. त्याने सामान्यरावांच्या थेट डोळ्यांत बघितलं आणि बोलायला लागला. "समजा, एका माणसाला काहीही येत नाही. तो डोळे बांधून खुणा करतो. चार पर्यायांतला एक बरोबर. म्हणजे चार वेळा खूण केली की एकदा तरी चुकून बरोबर ठिकाणी हात पडणार. वीस वेळा केली तर चार-पाचदा पडेल. अडाण्याला पाचाच्या आसपास गुण मिळतातच, त्याची इच्छा असो वा नसो. रस्त्यात वीस ठिकाणी खड्डे आहेत असं धरा. डोळे बांधून चाललेला माणूस चार-पाच खड्ड्यांत पडणारच. आता एक माणूस वीसच्या वीस खड्डे चुकवून, कपड्याला डाग न लागता पलीकडे पोचला. तुम्ही काय म्हणाल?"

"पट्टी सरकली असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोब्बर! खड्डा चुकवायचा तर खड्डा कुठे आहे ते दिसायला हवं. खऱ्या अडाण्यांना हजाराच्या संख्येने बसवलं तरी शून्य जेमतेम तिघांना पडेल. शून्य मिळवायला वीसच्या वीस उत्तरं यावी लागतात!"

वर्ग हसला. वर्गाला समजलं होतं, एकूण एक माणसाला. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशींनाही समजलं होतं. बूटबघ्याच्या आनंदाला पारावार नव्हता. आपण काय बोलून गेलो आणि कुणाबद्दल, याचा त्याला पत्ताही नव्हता. तो आकड्याबद्दल बोलत होता. हळूहळू हसू विरलं. सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या, कारण आता नियमाप्रमाणे कार्ड वर जायचं होतं.

सामान्यरावांना भाषण कुठे चाललंय ते 'डोळे बांधून' या शब्दापाशीच कळलं होतं. तेव्हापासून ते दोन कार्डं दोन हातांत धरून बसले होते. लाल दाखवलं तर सगळं निभावण्यासारखं होतं. ज्याला एवढं सोपंही समजलं नाही त्याच्यावर संशय कोण घेणार? हजारातल्या तिघांपैकी एक, म्हणून खपून गेलं असतं. खुर्ची राहिली असती. मंगळवार राहिला असता.

समोर बूटबघ्या उभा होता. कपाळावर घाम, ओठांवर हसू. आणि तो अजून त्यांच्याकडेच बघत होता.

सामान्यरावांनी हिरवं कार्ड वर केलं.

खोली रिकामी झाल्यावर बाई त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"कधीपासून?" बाईंनी हळूच विचारलं.

"काय?"

"समजायला लागलंय ते."

"नक्की सांगता येणार नाही," सामान्यराव म्हणाले. "आधी फक्त झाडं समजायची. मग पसरत गेलं."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलणार? वाटलं, आपोआप कमी होईल. वयाप्रमाणे माणूस विसरतो म्हणतात. मी वाट बघितली."

"नाही विसरलात?"

"चष्मा विसरतो. बाकी काही नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पाच-सहा उत्तरं बरोबर लिहायची होती! एवढं तरी मला विचारायचं!"

"विचारलं असतं तर तुमच्यावर आलं असतं, बाई."

"आता मला कार्यालयाला कळवावं लागेल. तुम्हाला माहितीय."

"माहितीय. तेही समजतं आता."

बाईंनी हात पुढे केला. सामान्यरावांनी लाल आणि हिरवं कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. पिवळं त्या दिवशी लागलंच नव्हतं. ते खिशातच राहिलं होतं. बाईंनी दोन कार्डं दोनदा मोजली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "बरोबर आहेत." मग बातम्या संपल्यावर दिवा बंद करावा तशा त्या उठून गेल्या.

बस थांब्यावर बूटबघ्या धापा टाकत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो पुन्हा बुटांकडे बघत होता.

"काका, मला खरंच... मी फक्त आकड्याकडे बघत होतो. तुमच्याकडे बघतच नव्हतो."

"नाही हो साहेब. आज पहिल्यांदा माझ्याकडेच बघत होतात."

"मी परत घेतो. सांगतो त्यांना, की हजारात तीन म्हणजे अगदीच अशक्य नाही. असं तांत्रिकदृष्ट्या..."

"आता बिघडवू नका. फार छान झालं ते. खड्ड्यांचं तर फारच."

बूटबघ्याने मान वर केली. "काका, एक विचारू? तुम्ही लाल न दाखवता हिरवं का..."

त्याची बस आली. मागच्या लोकांनी त्याला ढकललं, दार बंद झालं आणि काचेतून त्याचं तोंड हललेलं दिसलं.

सामान्यराव घरी आले. त्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. तीन वाक्यांचं, छोट्या वाक्यांचं. ते ऐकायला कुणी नव्हतं. गुरुवारी त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. ओट्यापाशी बरं वाटलं, पण ओट्याकडे कार्ड नव्हतं. शुक्रवारी कार्यालयाचं पत्र आलं: 'आपणांस समजू लागल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. विद्यापीठ आपले आभारी आहे.' नव्या श्रोत्यासाठी जाहिरात निघाल्याचं कळलं. ऐंशी अर्ज आले होते म्हणे, आणि आपल्याला काहीच येत नाही याचे दाखले बहुतेकांनी जोडले होते.

दिवस लांबले. चहा केला की संपेपर्यंत गार व्हायचा, कारण पिताना मध्ये बोलायचं काही नव्हतं. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली. पुरी केलेली चारशे भाषणं डोक्यात शांत पडून होती. बसच्या दारात अडकलेला तो अर्धा प्रश्न तेवढा त्यांना झोपेतही सोडत नव्हता. आणि त्यांना पळी हातात धरून उभी असलेली बायको आठवली. सत्तावीस वर्षं आपण रोज घरी काय नेत होतो, ते त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं.

रविवारी अकराला फोन वाजला.

"बाबा, गोळी घेतली?"

"घेतली."

"दोन्ही?"

"दोन्ही. अगं, काम सुटलं माझं."

"का? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. समजायला लागलं म्हणून काढलं."

"काय समजायला लागलं?"

"सगळंच."

"बाबा, तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन या हं. चालायला जाता ना? बरं, मग ठेवू?"

"ठेव. तुझ्या आईचं एक आठवलं, तेवढं सांगतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. तुझी आई महिनाभर त्याचा विचार करत होती. पोहायला लागला की म्हणे त्यातलं एक... अगं, दूध उतू चाललं. ठेवतो."

आणि त्यांनी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा फोन त्यांनी आधी ठेवला. गॅस पेटलेला नव्हता. दूध फ्रिजमध्ये होतं.

फोन समोर ठेवून ते बसले. दुपार झाली. संध्याकाळ झाली. काही वाजलं नाही. गेल्या अकरा वर्षांत रविवार सोडून मुलीचा फोन किती वेळा आला, ते त्यांनी मोजून बघितलं: चार वेळा, त्यातला एक चुकून लागलेला. बूटबघ्याच्या रीतीने हिशेब केला तर आकडा हजारात जेमतेम एक असा आला. सोमवारी त्यांनी फोन वाजतोय की नाही हे बघायला त्यातलाच गजर लावला. गजर वाजला. फोनमध्ये दोष नव्हता. आपण फार शहाणपणा केला, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात पुरतं सांगून टाकलं असतं तर निदान ते एक वाक्य तरी पोचलं असतं.

मंगळवारी साडेदहा वाजता ते नेहमीसारखे कपडे करून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले होते. वर्गाची वेळ ती. खिशातलं पिवळं कार्ड त्यांनी काढून साखरेच्या डब्याला टेकून उभं केलं होतं, आणि त्याच्याकडे बघत होते.

फोन वाजला.

"बाबा! ते एक काय होतं?"

"कुठलं?"

"कुठलं काय! तीन हृदयांतलं! परवापासून डोक्यात बसलंय माझ्या. इथे सगळ्यांना विचारून झालं. हे म्हणतात, जोरात पडत असेल. तुमची नात म्हणते, फुटतं. काल रात्री जेवताना त्यावरून भांडण झालं दोघांचं."

"मोबाईलवर बघायचं की."

"बघणारच होते. मग म्हटलं, आई काय म्हणायची ते मोबाईलवर थोडंच असणार आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाबा? आहात ना?"

"आहे. सांगतो. पण तुझा मजला नाही ना येत एवढ्यात?"

"काय येतोय?"

"वेळ आहे ना, म्हणतोय."

"आहे हो. तुम्ही बोला."

सामान्यराव खुर्चीत ताठ बसले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि बाईंनी शिकवला होता तसा मोठा श्वास घेतला.